चहाचा ट्रे

आलेला पाहुणा देवासारखा मानावा, ही शिकवण आपल्याकडे मूल बोलू लागते तेव्हापासून दिली जाते. आमच्या घरी चार एकर कोरडवाहू जमीन आणि डोक्यावर टिनाचे छप्पर. तरी दारात कुणी आले की आई आधी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि मग 'कुठून आले' म्हणून विचारते. त्यामुळे बारावीनंतर मी हॉटेलात कामाला लागलो तेव्हा ते काम मला परके वाटले नाही. पाणी द्यायचे, गोड बोलायचे, पाहुणा समाधानाने जाईल असे पाहायचे. फरक इतकाच, की येथला पाहुणा पैसे मोजतो. हा फरक केवढा मोठा आहे ते मला फार उशिरा कळले, आणि ज्या दिवशी कळले त्या दिवसाविषयी लिहिताना आजही मान खाली जाते.

हॉटेलचे नाव मी लिहिणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एका वर्दळीच्या रस्त्यावर ते आहे. खाली जेवणाचा हॉल, वर आठ खोल्यांचे लॉज. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. येथे मोठी कारखानदारी नाही, पण पाहुण्यांची वाण कधीच नाही. कारंज्याच्या गुरुमंदिरात भक्त येतात, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला जैन यात्रेकरू येतात, रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाजाची यात्रा भरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तोही आपल्या जिल्ह्यातून जातो. लग्नसराईत तर मंगल कार्यालयांना उसंत नसते. या साऱ्या ठिकाणी ताटे वाढणारे, चादरी बदलणारे, भांडी घासणारे हात कोणाचे असतात? त्यांतले काही आपल्याच महाविद्यालयातले असतात. सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर डोळे चोळत बसणारा विद्यार्थी आळशीच असतो असे नाही. आदल्या रात्री बारापर्यंत तो पंगतीत भात वाढत असतो.

आमच्या हॉटेलात आचाऱ्याला धरून आम्ही चौदा जण. त्यांत बाया तीन. पोळ्या करणाऱ्या मावशी, भांड्यांवरची एक, आणि वरच्या खोल्या झाडून पुसून चादरी बदलणारी एक, तिला आम्ही सगळे ताई म्हणत असू. वय तिशीच्या आतबाहेर. नवरा वारलेला, पोरगी सातवीत. मी वेटर, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा जेवणाच्या हॉलमध्ये, आणि वरून चहापाण्याची ऑर्डर आली की ट्रे घेऊन वर. ताई मला 'भाऊ' म्हणे. परीक्षेच्या दिवसांत माझ्या वाट्याची टेबले तिने अनेकदा न सांगता पुसून ठेवली होती.

गोष्ट मे २०२५ ची. खरीप तोंडावर आला की बियाण्यांच्या कंपन्यांची माणसे दुकानदारांकडे फेऱ्या मारू लागतात. असाच एक गृहस्थ आमच्याकडे मुक्कामाला होता. मोठे गिऱ्हाईक. दरवर्षी येणारा, बिलावर घासाघीस न करणारा, शिवाय टीप देणारा. त्याने त्या संध्याकाळी तीनदा टॉवेल मागवला. तिसऱ्या वेळी मी चहाचा ट्रे घेऊन जिना चढून वर आलो तेव्हा त्याच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. ताई आत होती आणि तो दाराच्या चौकटीला हात लावून वाट अडवून उभा होता. काय बोलत होता ते मी येथे लिहू शकत नाही. ताईच्या एका हातात टॉवेल होता. त्याचे दुसरे टोक त्याने धरले होते. तिने माझ्याकडे पाहिले.

मी ट्रेकडे पाहिले. कपातला चहा हिंदकळून बशीत आला होता, तो मी पाहत राहिलो. मग मागे वळलो आणि जिना उतरून खाली आलो.

इतकेच घडले. मी कोणाला मारले नाही, कोणाचे काही घेतले नाही. मी फक्त जिना उतरलो. खाली येऊन तो चहा ओतून टाकला आणि 'साहेब झोपले वाटते' असे काऊंटरवर सांगितले. थोड्या वेळाने ताई खाली आली. तिने मोरीत बराच वेळ हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सांगितले. मी तेव्हा काऊंटरमागे ग्लास पुसत होतो. मॅनेजर वाईट माणूस नव्हे. आजारपणात त्यांनी मला स्वतःच्या खिशातून औषध आणून दिले आहे. ते म्हणाले, "हात तं नाही लावला न त्यानं? मंग जाऊ दे न बाई. रोजचं गिऱ्हाईक हाय. तू थोडं सांभाळून राहत जाय." ताई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. तिच्या अकरा दिवसांच्या मजुरीचे पैसे तसेच राहिले. तिच्या जागी दुसरी बाई आली आणि टेबले पूर्वीसारखीच भरू लागली.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी स्वतःला काय काय सांगितले! मी तर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मी काय करणार होतो? माझी नोकरी गेली असती, फी भरायची होती. यांतले एकही कारण खोटे नव्हते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती सगळी कारणे तिच्या त्या एका नजरेपुढे टिकत नसत.

मग ऑक्टोबरमध्ये एक दिवस मालकांनी फर्मान काढले की दुपारी तीन वाजता सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचे, एक वकीलबाई येणार आहेत. मालकांना हे एकाएकी का सुचले, तेही नंतर समजले. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा कायदा २०१३ साली झाला आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरपासून लागू झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. पण कायदा कागदावर राहिला. गोव्यातील विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आदेश दिले, की प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समिती नेमा आणि कोणत्या आस्थापनांत अंतर्गत समिती आहे याची पाहणी करा. त्या पाहणीची कुणकुण आमच्या मालकांपर्यंत पोचली होती. म्हणजे सुरुवात दंडाच्या धाकानेच झाली. असो. धाकाने का होईना, आम्ही चौदा जण खुर्च्या ओढून बसलो.

मला वाटले होते की बाई कलमे वाचून दाखवतील, मुलींना पदर नीट घ्यायला सांगतील आणि चहा पिऊन जातील. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न भलता विचारला. "जेवून बिल न देता कुणी निघाला, तर तुम्ही काय करता?"

आम्ही सगळे हसलो आणि एकदम बोलू लागलो. पहिल्याने टेबलाचा वेटर काऊंटरला हाक देतो. दुसरा फाटकाशी जाऊन उभा राहतो. मॅनेजर समोर जाऊन सभ्यपणे बोलतात. गाडीचा नंबर लिहून घेतात. नाहीच ऐकले तर मालकांना फोन, आणि शेवटी पोलिसांना. भांड्यांवरच्या बाईलाही हे सगळे पाठ होते. "हे तुम्हांला कोणी शिकवले?" बाईंनी विचारले. मॅनेजर जरा अभिमानानेच म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगतो मॅडम, नव्या पोराले."

"छान," बाई म्हणाल्या. "आता सांगा, हॉटेलातल्या बाईची कुणी वाट अडवली, तर तुम्ही काय करता?"

कोणी बोलेना. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आचारी जमिनीकडे पाहत होता, मॅनेजर गल्ल्याकडे. ऐंशी रुपयांच्या थाळीसाठी आमच्याजवळ पाच पायऱ्या तयार होत्या आणि माणसासाठी एकही नव्हती. मला तो अर्धा उघडा दरवाजा दिसू लागला. आजवर मी स्वतःला भित्रा समजत होतो. भित्रा तर मी होतोच. परंतु बिल बुडवणाऱ्या धिप्पाड ट्रक ड्रायव्हरपुढे हाच मी फाटक अडवून उभा राहिलो आहे! त्या वेळी मला ठाऊक असे, की मी हाक दिली म्हणजे मागून तेरा जण येतील. ताईच्या वेळी ते ठाऊक नव्हते. प्रशिक्षण म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. हाक दिल्यावर कोण कोण येईल, हे सर्वांना आधीच ठाऊक असणे!

मग बाईंनी कायद्याकडे वळून थोडक्यात त्याची जन्मकथा सांगितली. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी योजनेतील 'साथिन'. बालविवाह रोखण्याचे काम तिने केले म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून काही महिला संघटना न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' निकालात कामाच्या ठिकाणासाठी नियम घालून दिले. त्या नियमांचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षे लागली. दुसरे प्रकरण १९८८ सालचे, दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलातले. एका अधिकाऱ्याने कार्यालयातील टंकलेखिकेला मजकूर घेण्याच्या निमित्ताने तेथे नेले. उच्च न्यायालयाने म्हटले, प्रत्यक्ष स्पर्श झाल्याचे दिसत नाही, तो फक्त प्रयत्न होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे नाकारले आणि त्या अधिकाऱ्याची बडतर्फी कायम केली. हे ऐकताना मी मॅनेजरांकडे चोरून पाहिले. 'हात तं नाही लावला न?' हे त्यांचे शब्द त्यांनाही आठवले असावेत. त्यांनी रुमालाने कपाळ पुसले.

कायद्यात काय काय येते तेही त्यांनी सांगितले. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे, आणि नकोशी वाटणारी अशीच कोणतीही कृती, बोलणे किंवा खाणाखुणा. यावर आमचा आचारी उसळून म्हणाला, "म्हंजे आता हसाबोलाचंही नाही काय?" भट्टीपाशी त्याचे दुअर्थी विनोद रोज चालत आणि मीही त्यांना हसत असे. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पोळ्यांच्या मावशींना विचारले, "मावशी, तुम्हांला हसू येते का?" मावशी पंधरा वर्षांपासून त्या भट्टीशेजारी बसतात. त्या म्हणाल्या, "म्या कधी हसली काय? तुमीच हसता आपसात." आचारी गप्प झाला. मीही.

बाईंची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी आम्हां पुरुषांना आरोपी म्हणून बसवले नाही. पुढे आपल्या समाजशास्त्राच्या सरांशी बोललो तेव्हा त्यांनी सांगितले, की अमेरिकेतील फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या दोन समाजशास्त्रज्ञांच्या अभ्यासातही हेच दिसले. माणसांना संभाव्य गुन्हेगार समजून उपदेश केला की ती चिडतात आणि उलटा परिणाम होतो. अधिकारपदावरच्या लोकांना मात्र 'तुम्ही हे थांबवू शकता, ते असे थांबवा' म्हणून शिकवले की फरक पडतो. सरांनीच शिकागोची हकीकत सांगितली. तेथील हॉटेल कामगारांच्या संघटनेने २०१६ साली केलेल्या पाहणीत हॉटेलांत काम करणाऱ्या शंभरांतील अठ्ठावन्न स्त्रियांनी पाहुण्यांकडून छळ झाल्याचे सांगितले. पुढच्या वर्षी त्या शहराने नियमच केला, की खोल्यांत एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराजवळ धोक्याचे बटण असावे. म्हणजे आमच्या जिन्यावरची गोष्ट केवळ आमची नव्हे. जगात जेथे जेथे बंद दारामागे चादर बदलली जाते तेथे तेथे ती आहे.

आमच्याकडे असली बटणे कुठली! पण त्या दुपारी बिलाच्या पायऱ्यांसारख्याच दुसऱ्या पायऱ्या आम्ही सर्वांनी मिळून ठरवल्या. पाहुणा खोलीत असताना झाडपूस नाही. चावी काऊंटरवर आली की मगच. तो असताना काही द्यायचे झाले तर दोघांनी जायचे आणि दार सताड उघडे ठेवायचे. कुणी वाट अडवली, काही बोलला, तर जो पाहील त्याने हाक द्यायची आणि मॅनेजरांनी स्वतः वर जायचे. त्या बाईला 'सांभाळून राहा' म्हणायचे नाही. पाहुण्याला खोली सोडायला सांगायचे. तारीख घालून वहीत लिहायचे. आणि यात गिऱ्हाईक गेले तर कोणाच्या पगारातून काही कापायचे नाही, हे मालकांनी सर्वांसमोर कबूल करायचे. शेवटच्या अटीवर मालक थोडे थांबले, पण 'हो' म्हणाले. वर अडचण आली तर खाली कसे कळावे, हा प्रश्न निघाला तेव्हा कोणी शिट्टी सुचवली. मावशी म्हणाल्या, "शिट्टी कोन सांभाळत बसन? लोखंडाची बादली जिन्यातून सोडून द्यावं. मुडदाही उठन." सगळे हसले, आणि तेच ठरले!

मालकांच्या सूनबाई हिशेब पाहतात. त्या समितीच्या अध्यक्ष झाल्या. बाहेरच्या सदस्य म्हणून एका संस्थेच्या कार्यकर्त्या आल्या. समितीची पाटी आधी इंग्रजीत छापून काऊंटरमागे लागली होती. वकीलबाईंनी ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहवून घेतली आणि मोरीजवळ लावायला सांगितली, कारण बाया तेथे असतात. भांड्यांवरच्या बाईला वाचता येत नाही, म्हणून तिला ती दोनदा वाचून दाखवली.

निघताना बाई म्हणाल्या, "तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. उशिराचे कारण पटले तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. छळ करणारा बाहेरचा असला तरी, बाईची इच्छा असेल तर तक्रार करायला मालकाने मदत करायची असते." मी बोटांवर मोजले. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. वेळ संपत आली होती, पण संपली नव्हती.

सगळ्यांसमोर मला बोलता आले नाही, हे कबूल करतो. बाई गाडीत बसत असताना धावत जाऊन मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "तुम्ही काय पाहिले ते लिहून द्याल?" मी हो म्हणालो. "मग आधी त्या ताईंना विचारा. त्यांची इच्छा नसेल तर त्यांच्या वतीने शूर होऊ नका."

मालकांकडून ताईचे अकरा दिवसांचे पैसे मागून घेतले आणि रविवारी तिच्या गावी गेलो. सोयाबीनची सोंगणी चालू होती; ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीला होती. दुपारच्या सुटीत धुऱ्यावर आली. पैसे मोजून तिने कमरेच्या पिशवीत ठेवले. मी समितीचे, मुदतीचे सगळे सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू पाह्यलं होतं न भाऊ?"

"हो, ताई."

"मंग त्या दिवशी काहून गेला खाली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाटेत जुळवलेली वाक्ये घशातच राहिली. "भेलो," मी म्हणालो. तिने मान हलवली. "म्याही भेली होती," ती म्हणाली, "पन मले जायाले जागा नव्हती."

मी लिहून आणलेला कागद तिच्या हाती दिला. त्या संध्याकाळी मी दाराशी काय पाहिले, काय ऐकले, मी परत फिरलो तेही, खाली माझी सही आणि तारीख. म्हणालो, "वापर, नाही तं फाडून टाक. तुझ्यावर हाय." चौथीपर्यंत शिकलेल्या ताईने तो बोट ठेवून हळूहळू वाचला. मग घडी घालून रेशनकार्ड ठेवायच्या प्लॅस्टिकच्या थैलीत ठेवला आणि विळा घेऊन उठली.

पुढे तिने काय केले ते मी येथे सांगणार नाही. अशा तक्रारीचा तपशील आणि बाईची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. आणि बंदी नसती तरी ते सांगण्याचा हक्क तिचा आहे, माझा नाही. हे इतके लिहिण्याला तिची परवानगी मी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मित्रांनो, येत्या लग्नसराईत आपल्यापैकी कित्येकजण पुन्हा मंगल कार्यालयांत, ढाब्यांवर, लॉजवर कामाला जातील; मुलीही जातील. पहिल्या दिवशी आपण रोज किती आणि सुटी कधी हे विचारतो. त्यासोबत आणखी एक विचारा : येथे कुणी बाईची वाट अडवली तर हाक कोणाला द्यायची? उत्तर नसेल, तर कामाला लागण्यापूर्वी ते ठरवून घ्या. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती त्यासाठीच आहे, हेही ध्यानात ठेवा.

मी अजून त्याच हॉटेलात आहे. वरून ऑर्डर आली की आता आम्ही दोघे जातो. जिन्याच्या वरच्या पायरीवर लोखंडी बादली ठेवलेली असते. ट्रे घेऊन तिच्याजवळून जाताना, कपातला चहा हिंदकळला तरी मी आता समोर पाहून चालतो.

— बी. ए. भाग दोनचा एक विद्यार्थी